विश्लेषण : चार ॲप्लिकेशन, चार शब्दकोश... मराठीला सामायिक शुद्धलेखन तपासणी का हवी?

शाळेच्या कार्यालयातला लिपिक दाखल्यावर ‘गडहिंग्लज’ असे टंकतो. वर्ड प्रोसेसर त्याखाली लाल नागमोडी रेघ ओढतो. लिपिक उजवी क्लिक करून शब्द शब्दकोशात जोडतो आणि रेघ जाते. दहा मिनिटांनी ब्राउझरमध्ये ऑनलाइन अर्ज भरताना तोच शब्द पुन्हा लाल होतो. तिथेही जोडावा लागतो. संध्याकाळी ईमेल लिहिताना तिसऱ्यांदा तेच. संगणक एक, टंकणारा माणूस एक, गावही एकच. तरी ते तीनदा शिकवावे लागते. चौथ्या वेळी वैतागून तो तपासणीच बंद करून टाकतो. मग एखाद्या दाखल्यावर ‘विद्यार्थी’चा ‘विध्यार्थी’ होतो, तेव्हा ते दाखवून देणारे कोणी उरलेले नसते.

या वैतागामागे संगणकाच्या रचनेतला एक जुना प्रश्न आहे. शुद्धलेखन तपासणे हे प्रत्येक ॲप्लिकेशनचे खासगी काम मानायचे, की फॉन्ट आणि छपाईप्रमाणे ती साऱ्या संगणकाची सामायिक सोय मानायची? इंग्रजीचे दोन्ही प्रकारे भागते. मराठीला मात्र दुसऱ्या मार्गाखेरीज गत्यंतर नाही.

सामायिक सेवा म्हणजे नेमके काय?

शुद्धलेखन तपासणीत तीन गोष्टी असतात. पहिली, शब्दांची यादी. दुसरी, शब्द त्या यादीत बसतो का हे पाहणारे आणि चूक असेल तर पर्याय सुचवणारे इंजिन. तिसरी, वापरणाऱ्याने स्वतः भर घातलेल्या शब्दांची वही. बहुतेक मोठी ॲप्लिकेशन या तिन्ही गोष्टी स्वतःच्या पोटात घेऊन फिरतात. वर्डची वही वेगळी, फायरफॉक्सची वेगळी, क्रोमची वेगळी, लिबरऑफिसची आणखी वेगळी.

सामायिक सेवेत हे सगळे ऑपरेटिंग सिस्टीमकडे असते. ॲप्लिकेशन फक्त विचारते, ‘हा शब्द या भाषेत बरोबर आहे का?’ उत्तर येते, हवे तर पर्याय येतात, आणि ॲप्लिकेशन रेघ ओढायची की नाही ते ठरवते. प्रत्येक सदनिकेने आपापली विहीर खणण्याऐवजी इमारतीच्या गच्चीवर एक टाकी बांधावी, तसा हा मामला.

मोबाइलवर वाचणाऱ्यांना ही कल्पना अनोळखी वाटू नये. फोनवर कीबोर्ड एकच असतो आणि तो सगळ्या ॲपना पुरतो. एका ॲपमध्ये लिहिताना शिकलेले आडनाव तो दुसऱ्यातही सुचवतो. अँड्रॉइडने २०११ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून शुद्धलेखन तपासणीसाठी वेगळी सेवाच सर्व ॲपना खुली करून दिली. डेस्कटॉपवर मात्र पत्रे, निविदा, प्रश्नपत्रिका, निकालपत्रे आणि पुस्तके तयार होतात, आणि नेमके तिथेच हे चित्र अजून विस्कळीत आहे.

ही कल्पना नवी आहे का?

मुळीच नाही. उलट सुरुवात तिथूनच झाली होती. १९७५ मध्ये बेल लॅब्जच्या युनिक्स प्रणालीत स्टीव्ह जॉन्सन यांनी ‘स्पेल’ नावाची छोटी आज्ञावली लिहिली. पुढे डग मॅकिलरॉय यांनी ती सुधारली. ती कोणत्याही संपादकाचा भाग नव्हती. मजकूर तिच्या हाती द्यायचा आणि चुकीच्या शब्दांची यादी घ्यायची. मजकूर कुठे टंकला, याच्याशी तिला देणेघेणे नव्हते.

मग घरोघरी पीसी आले आणि शुद्धलेखन तपासणी हा विक्रीचा माल झाला. वर्डस्टारसाठी ‘स्पेलस्टार’ ही वेगळी विकत घ्यायची जोड होती. प्रत्येक वर्ड प्रोसेसर आपला शब्दकोश किती मोठा, याची जाहिरात करू लागला. टंकतानाच उमटणारी लाल रेघ वर्ड ९५ मध्ये आली आणि ती इतकी लोकप्रिय झाली की शुद्धलेखन तपासणे हा वर्डचाच गुण आहे, असे लोकांना वाटू लागले.

सामायिक मार्ग टिकला तो नेक्स्ट कंपनीच्या प्रणालीत. तिथे शुद्धलेखन तपासणारी वेगळी प्रक्रिया मागे चालू असे आणि सगळी ॲप्लिकेशन तिच्याशी बोलत. ॲपलने नेक्स्ट विकत घेतल्यावर हीच रचना २००१ मध्ये मॅक ओएस एक्समध्ये आली. त्यामुळे मॅकवर नोंदींच्या ॲपमध्ये शिकवलेला शब्द मेललाही कळतो. लिनक्सच्या जगात २००३ मध्ये ॲबिवर्ड या वर्ड प्रोसेसरच्या मंडळींनी ‘एन्चॅन्ट’ नावाचा दुवा तयार केला. विंडोजमध्ये अशी सेवा यायला २०१२ उजाडले; विंडोज ८ सोबत ती आली. क्रोम आणि एज ब्राउझर विंडोजवर तिचा उपयोग करू लागले ते २०२० मध्ये. आणि १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून सोबत असलेल्या बिचाऱ्या नोटपॅडमध्ये शुद्धलेखन तपासणी आली २०२४ मध्ये!

सेवा उपलब्ध असणे आणि ॲप्लिकेशनने ती वापरणे यात किती अंतर पडू शकते, याचा यावरून अंदाज येतो. सेवा जोडण्यासाठी लागणारा प्रोग्रॅम फार मोठा नसतो. अडचण येते ती ‘आमचे आहे ते बरे चालले आहे’ या वृत्तीची.

इंग्रजीचे भागते, मराठीचे का भागत नाही?

पहिले कारण व्यवहाराचे आहे. हिशेबाचे सॉफ्टवेअर, रुग्णालयाचे सॉफ्टवेअर, चित्रपटांची सबटायटल्स लिहिण्याचे साधन बनवणारी छोटी कंपनी मराठी शब्दकोश विकत घेऊन किंवा बनवून आपल्या ॲप्लिकेशनमध्ये बसवेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. इंग्रजी शब्दकोश तयार मिळतो म्हणून तो बसवला जातो. मराठीसाठी तेवढी तसदी फार तर दोन-चार बडी ॲप्लिकेशन घेतील. पण तीच छोटी कंपनी ऑपरेटिंग सिस्टीमला प्रश्न विचारत असेल, तर मराठी तिला फुकटात मिळते. कोंकणी, तेलुगू, फिनिशही मिळते. तिच्या प्रोग्रॅमरला यातली एकही भाषा यायची गरज नाही.

दुसरे कारण भाषेच्या घडणीचे आहे, आणि ते अधिक महत्त्वाचे. इंग्रजीत ‘हाउस’ या शब्दाची रूपे एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. मराठीत ‘घर’ घ्या. घराला, घराने, घरात, घरातून, घराचा, घराची, घराच्या, घरासाठी, घरासमोर, घरासमोरचा, घरासमोरच्यांना, घरासमोरच्यांनाही. एका नामाची शेकडो रूपे सहज होतात. ती सगळी यादीत लिहायची म्हटली तर यादी फुगत जाते, आणि न लिहावी तर बरोबर शब्दांखाली लाल रेघा उमटतात.

यावरचा उपाय हंगेरीतून आला. हंगेरियन भाषाही प्रत्ययांची. तिच्यासाठी लास्लो नेमेथ यांनी ‘हनस्पेल’ हे इंजिन घडवले. त्यात एक फाइल मूळ शब्दांची आणि दुसरी प्रत्ययांच्या नियमांची. आधीच्या ‘मायस्पेल’मध्ये शब्दाचा एकच प्रत्यय सोलून पाहता येत असे, हनस्पेल दोन थर सोलते. आज लिबरऑफिस, फायरफॉक्स, क्रोम आणि मॅकची प्रणाली या सगळ्यांत हनस्पेल आहे, आणि स्वयंसेवकांनी त्यासाठी मराठी शब्दकोशही तयार केला आहे.

पण ‘घरासमोरच्यांनाही’ या शब्दात थर किती? सामान्यरूपाचा ‘आ’, मग ‘समोर’, मग ‘च्या’, मग ‘ना’, मग ‘ही’. दोन थरांच्या यंत्रात हे बसवायचे तर कित्येक प्रत्ययांच्या जोड्या आधीच शिवून ठेवाव्या लागतात.

शिवाय मराठीत प्रत्यय लागताना मूळ शब्दही बदलतो. ‘विहीर’ची ‘विहिरीत’ होते, ‘फूल’चे ‘फुलाला’ होते, ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते. मग ‘शरीर’चे ‘शरिरात’ व्हायला हवे? नाही, ते ‘शरीरात’च राहते, कारण शब्द तत्सम आहे. म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द कोणता आणि बाकीचा कोणता, ही खूण शब्दकोशात प्रत्येक शब्दापुढे असायला हवी. ‘कवी’ एकटा असताना दीर्घ आणि ‘कविराज’ झाला की ऱ्हस्व, हेही यंत्राला सांगावे लागते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे अठरा नियम माणसाला पाठ होतात. यंत्राला ते शब्दागणिक खुणा लावून द्यावे लागतात.

इतके किचकट काम एकदाच, एकाच ठिकाणी होऊ शकते. आठ ॲप्लिकेशनांच्या आठ इंजिनांत ते आठदा करायला माणसे आणि पैसा आणायचा कुठून?

फिनलंडने या कोंडीतून वाट काढली. फिनिश भाषा प्रत्ययांच्या बाबतीत मराठीच्याही पुढे आहे. तिथे शब्दयादीच्या पद्धतीवर न विसंबता भाषेचे व्याकरण जाणणारे ‘व्होइक्को’ हे वेगळे इंजिन बनवले गेले. एन्चॅन्ट या दुव्याला ते जोडले की लिनक्सवरची एन्चॅन्ट वापरणारी सारी ॲप्लिकेशन फिनिश तपासू लागतात. त्यांतल्या बहुतेकांच्या निर्मात्यांना आपले ॲप्लिकेशन फिनिश शिकले, याचा पत्ताही नसेल. हिब्रूसाठीही ‘एचस्पेल’ हे असेच वेगळे इंजिन आहे. सामायिक सेवेचा खरा फायदा हा. दाराची चौकट सगळ्यांसाठी एक, आतले यंत्र मात्र ज्या त्या भाषेला मानवेल ते. मराठीला उद्या हनस्पेलपेक्षा वेगळे यंत्र हवे झाले, तर ते बसवायला अशी चौकट लागेल.

दिसायला एक, आतून दोन

मराठीची आणखी एक अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲप’मधले पहिले अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिले जाते. २००८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र अक्षर आले. त्याआधीपासून ‘अ’ला चंद्र जोडूनही ते लिहिले जात होते, आणि अजूनही लिहिले जाते. पडद्यावर दोन्ही सारखे दिसते. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत.

तीच गोष्ट ‘आचाऱ्यांना’मधल्या अर्ध्या ऱ्या-ची. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना आणि विद्वान आचार्यांना वेगळे ठेवणारी ही खूण मराठीच्या अभिमानाची. तीसुद्धा दोन वेगळ्या अक्षरक्रमांनी टंकता येते, त्यातल्या एकात न दिसणारे जोडचिन्ह असते. काही ॲप्लिकेशनांनी शब्द कुठे संपतो हे ठरवण्याचे नियम इंग्रजी समोर ठेवून लिहिलेले असतात. असे न दिसणारे चिन्ह मध्ये आले की तिथे शब्दाचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही तुकडे लाल होतात. टंकणाऱ्याने काहीही चूक केलेली नसते!

यावर उपाय आहे. तपासण्याआधी एक अक्षरक्रम दुसऱ्यात बदलून घेण्याची सोय हनस्पेलमध्येही आहे. फक्त ती शब्दकोश बनवणाऱ्याने वापरायला हवी आणि शब्द तोडण्याचे कामही सेवेकडे सोपवायला हवे. नाहीतर शब्दकोश कितीही चांगला असो, त्याच्यापर्यंत अर्धवट शब्दच पोहोचतात.

मराठी डीटीपी व्यवसायाने हा त्रास याहून भयंकर रूपात पाहिला आहे. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि प्रत्येक फॉन्टनिर्मात्याची मांडणी निराळी. एका सॉफ्टवेअरमधला मजकूर दुसऱ्यात नेला की त्याचे गूढ चिन्हांत रूपांतर होई. अशा स्थितीत सामायिक शब्दकोश ही कल्पनाच अशक्य होती. युनिकोडने ती भिंत पाडली. त्यानंतरही शब्दकोश वेगवेगळ्या खोल्यांत कोंडून राहावेत, हे विचित्र आहे.

धोके नाहीत का?

आहेत, आणि त्यातला पहिला गंभीर आहे. सगळा मजकूर एकाच दारातून जाणार असेल, तर त्या दारावर कोण उभे आहे, हे विचारायलाच हवे. शब्दकोश संगणकातच असेल तर मजकूर बाहेर जाण्याचे कारण नसते. पण ‘अधिक चांगली’ तपासणी म्हणून मिळणाऱ्या ऑनलाइन सेवा टंकलेला मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात. २०२२ मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिले, की लोकप्रिय ब्राउझरांतील अशा तपासणीतून ‘पासवर्ड दाखवा’ हे बटण दाबल्यावर पासवर्डसुद्धा बाहेर जात होते. वकिलाचे टिपण, रुग्णाचा अहवाल, बातमीदाराची कच्ची बातमी शुद्धलेखनासाठी परदेशी सर्व्हरवर जाऊ देणे योग्य नाही. सामायिक सेवा संगणकात स्थानिक असावी आणि ऑनलाइन तपासणी वापरणाऱ्याने मागितली तरच चालू व्हावी, ही अट सोडता येणार नाही.

दुसरा धोका, एक चूक सर्वत्र. सेवेतला शब्दकोश ‘नागरिक’ऐवजी ‘नागरीक’ बरोबर मानू लागला, तर प्रत्येक ॲप्लिकेशन तेच मानेल. हे खरे आहे. पण आज ती चूक आठ ठिकाणी असू शकते आणि आठ ठिकाणी दुरुस्त करावी लागते. तिथे एकदा केली की भागते. एवढ्यासाठी शब्दकोश बंद पेटीत असू नये, कोणालाही उघडून पाहता यावा आणि चूक कळवता यावी.

मोठा शब्दकोश म्हणजे चांगला शब्दकोश, हा गैरसमजही याच संदर्भात तपासावा लागतो. ‘पाणि’ म्हणजे हात, हा शब्द संस्कृत कोशात रास्त आहे. तो सर्वसाधारण यादीत घेतला, तर ‘नळाला पाणि आले नाही’ ही चूक कायमची झाकली जाते. तसे पाहता कोणतीही शब्दयादी ‘जागतिक पर्यावरण दीन’ हा फलक पकडू शकत नाही, कारण ‘दीन’ हाही बरोबर शब्द आहे. तिथे वाक्य समजणारे यंत्र किंवा जागा असलेला मुद्रितशोधक लागतो.

मग वऱ्हाडी, अहिराणी, मालवणीत लिहिणाऱ्यांचे काय? त्यांच्या प्रत्येक ओळीखाली लाल रेघा उमटत राहिल्या, तर तपासणी म्हणजे प्रमाण मराठीची छडी होईल. हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. मात्र त्याचे उत्तर सामायिक सेवेतच अधिक सोपे आहे. मूळ यादीच्या जोडीला बोलीची यादी, कायद्याच्या परिभाषेची यादी, १९६२ पूर्वीच्या ‘कांहीं’ आणि ‘नाहीं’ची यादी अशा पुरवण्या लावता काढता येतील, अशी व्यवस्था एका जागी करणे शक्य आहे. जुन्या पुस्तकाचे टंकन करणाऱ्याला अनुस्वारागणिक लाल रेघ बघत बसावे लागणार नाही.

देवनागरी लिपी अनेक भाषांची असल्याने भाषा ओळखण्याचा प्रश्नही येतो. मजकुराची भाषा हिंदी धरली गेली की ‘पाणी’ लाल होते आणि ‘पानी’ बरोबर ठरते. कित्येक मराठी कार्यालयांत संगणकाची देवनागरी म्हणजे हिंदीच, असे गृहीत धरून बसवणी झालेली असते, आणि ‘मराठी तपासणी फालतू आहे’ ही तक्रार प्रत्यक्षात हिंदी तपासणीबद्दल असते. गोव्यात मराठी आणि कोंकणी दोन्हींत काम करणाऱ्या कार्यालयात तर हा गोंधळ दिवसातून दहादा होऊ शकतो. परिच्छेदाची भाषा कोणती, ही माहिती ॲप्लिकेशनने सेवेला द्यायलाच हवी.

शब्द कोण देणार?

तंत्राची चौकट तयार आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींकडे आहे. उणीव आहे ती आत घालायच्या ऐवजाची.

मराठीत शुद्धलेखनाचे कोश नाहीत असे नाही. अरुण फडके यांच्या ‘मराठी लेखन-कोशा’त तर शब्दांसोबत त्यांची सामान्यरूपेही दिलेली आहेत, यंत्राला लागते नेमकी तीच माहिती. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, वाईला तयार होणारा मराठी विश्वकोश आहे, राज्य मराठी विकास संस्था आहे. पण कोश माणसाने उघडून पाहावा म्हणून छापणे वेगळे आणि यंत्राने वापरावा म्हणून तयार करणे वेगळे. दुसऱ्या कामात प्रत्येक शब्दाला जात, लिंग, तत्सम असल्याची खूण आणि सामान्यरूपाचा प्रकार चिकटवावा लागतो, अक्षरक्रम एकसारखा करावा लागतो, आणि हे सगळे मुक्त परवान्याने खुले करावे लागते. परवान्याचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण सगळे त्यावरच अडते. परवाना नसलेली यादी ना लिबरऑफिस घेऊ शकते, ना फायरफॉक्स.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानंतर परिसंवाद आणि स्मरणिका यांची कमतरता राहणार नाही. सरकारी पातळीवर शुद्धलेखनासाठी काही करायचे ठरले, तर नवे ॲप काढण्याचा मोह आधी होईल. त्याचे उद्घाटन करता येते, यादीचे करता येत नाही. पण वेगळे ॲप म्हणजे मजकूर तिथे नेऊन चिकटवायचा, तपासायचा आणि परत आणायचा. रोज पन्नास पत्रे काढणारा लिपिक ते करणार नाही. खुणा लावलेली, मुक्त परवान्याची, दरवर्षी सुधारली जाणारी शब्दयादी दिली, तर तोच लिपिक आज जिथे टंकतो तिथेच त्याला मराठी तपासून मिळेल.

आपल्या संगणकावर काय स्थिती आहे, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. ‘आचाऱ्यांना’, ‘विहिरीत’, ‘शरीरात’ आणि ‘घरासमोरच्यांनाही’ हे चार शब्द वर्ड प्रोसेसरमध्ये, ब्राउझरमध्ये आणि ईमेलमध्ये टंकून पाहावेत. भाषा मराठी निवडली आहे, याची आधी खात्री करावी. तिन्हीकडे लाल रेघा वेगवेगळ्या शब्दांखाली उमटल्या, तर त्या संगणकात तीन निराळ्या याद्या आहेत, आणि त्यातली कोणती सुधारायची हे आज तरी वापरणाऱ्याच्या हातात नाही.